शिकेकाई आणि लांब जाळी

आत्या, तू गंमत सांगितलीच नाहीस.

तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, आणि मी अजून तिथेच अडकलेय. कळव्याला, मामाच्या मुलीच्या हळदीत. मी मोबाईल वर धरून शूटिंग करत होते आणि तू मागून माझी ओढणी खेचलीस. "गो बाय, केस बग माजे." मी वळलेही नाही, बोलले, भारी. मग तू अजून जवळ येऊन बोललीस, "एक गंमत सांगाची हाय तुना. इकरं नको, घरी गेल्याव सांगन." मी हो हो केलं आणि कॅमेरा परत बेंजोवाल्यांकडे.

आपण रात्री मामाकडेच राहिलो. सकाळी चहाचा कप तुझ्या हातात होता आणि मामी साखर विचारायला वळली तेवढ्यात तू गेलीस. डॉक्टर बोलले त्रास झाला नसणार. सगळे त्या एका वाक्यावर जरा शांत झाले. मला नाही जमलं. मी तो हळदीचा व्हिडिओ इतका मागेपुढे केलाय की आता बेंजो पाठ झालाय. तू एका कोपऱ्यात दिसतेस, अंबाडा, त्यावर गजरा, वॉकर बाजूला, आणि तोंडावर ते तुझं हसू, चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं. काय गं होती गंमत? काय केलेलंस तू?

आणि आई तिसऱ्याच गोष्टीवर अडकलेली. भाजी चिरता चिरता थांबायची आणि बोलायची, "बिनआंघोळीची बसली गं ताई धवल्याला."

जे आपल्यातले नाहीत तेही हे वाचतील म्हणून सांगते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते, म्हणजे धवले गाणारी बाई, लग्नाची गाणी. भटजींच्या आधी तिचा मान. आणि तिच्या बाजूला सूर धरायला जी बाई बसते तिने त्या दिवशी डोक्यावरून न्हालेलं पाहिजे, असं आमच्या घरात तरी मानतात. आत्या वर्षानुवर्षं तशी बसायची. बाथरूममध्ये पडल्यापासून बसली नव्हती. त्या हळदीला परत बसली, पहिल्यांदा. आणि आईच्या हिशोबाने त्या दिवशी तिची आंघोळ झालीच नव्हती. आठवडाभर झाली नव्हती, नुसतं अंग पुसणं चाललेलं. कारण तिचं बाथरूम मी फोडून ठेवलेलं, आणि दुसऱ्यात तिचं स्टूल मावत नाही.

तर बाथरूम.

आत्या, तू पडलीस ती त्या ग्रॅनाइटच्या पट्टीवरून. मानपाड्यात आपली जमीन गेली, बिल्डिंग आली, आपल्याला फ्लॅट मिळाले, आणि बिल्डरने प्रत्येक बाथरूमच्या दारात तो काळा उंबरा बसवून दिला, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. जेमतेम चार बोटं उंच. तुझा पाय त्यात अडकला आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि तुझी आंघोळ आईच्या हातात गेली.

तुला बाकी काहीच एवढं लागलं नाही. वॉकरला तू घंटी बांधलीस, फिजिओवाल्या पोराला त्याच्या आईवरून चिडवलंस. पण आंघोळीच्या वेळेला तुझं तोंड बंद व्हायचं. आई तुला स्टुलावर बसवून तांब्या तांब्या पाणी घालायची आणि आतून फक्त आईचाच आवाज यायचा, हात वर करा ताई, मान खाली करा ताई. एकदा तूच बोललीस, टोप घासतेस का माणूस. आई बोलली, टोप बरा, तो तोंड पाडत नाही. मी बाहेर हसत होते. मग दार उघडलं आणि तू भिंतीकडे बघत माझ्या बाजूने गेलीस. त्या दिवशी जेवताना तू पप्पांना सांगितलंस, सगळ्यांसमोर, अगदी शांत आवाजात, "मना कोनी आंगोल घालाची नाय. मेल्याव घाला."

पप्पांचा घास हातातच राहिला. मी त्याच क्षणी ठरवलं. मी इंटिरियरचा कोर्स केलाय, खोपटला एका स्टुडिओत नोकरीला आहे, दिवसभर घोडबंदरच्या लोकांच्या बाथरूमचे ड्रॉइंग काढते. माझ्या आत्याला माझ्या घरात एकटीने आंघोळ करता येत नाही म्हणजे काय.

मी तुला लॅपटॉपवर दाखवलेलं, आठवतं? उंबरा नाही. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जमीन एकसारखी, वॉकर सरळ आत. सगळा ढाळ एकाच बाजूला, मागच्या भिंतीकडे, आणि तिथे भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत लिनियर ड्रेन, म्हणजे लांब सरळ पन्हळ, वर झाकण, त्या झाकणातही टाइलच बसवायची, म्हणजे दिसते फक्त बारीक फट. मी एवढ्या जोशात सांगत होते. तू चष्मा वर केलास, खाली केलास आणि विचारलंस, "येवडी लांब जाली कशाला गो? पानी काय रांगेत जातं?"

मी ते स्टुडिओत सगळ्यांना सांगितलेलं. अजून तिथे लिनियर ड्रेन आला की कोणीतरी बोलतंच, पाणी रांगेत जातं का.

मग आपली भांडणं. पहिलं भांडण ढाळावरून. तुझं म्हणणं, उंबरा काढलास तर पाणी हॉलमध्ये येणार, सोफा तरंगणार. माझं म्हणणं, ढाळ नीट असेल तर पाण्याला यायचं कारणच नाही. तू बोललीस, पाण्याला कारण लागतं हे तुना कोनी सांगितलं. मिस्त्रीने कोबा घातला तेव्हा तू कंबरेच्या पिशवीतून सुपारी काढलीस आणि दारातून टाकलीस. ती निघाली आणि अर्ध्यात डावीकडे वळून कोपऱ्यात गेली. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मी बोलले, सुपारी गोल नसते आत्या. खरं तर कोबाच वाकडा होता. मिस्त्रीने लेव्हल लावून बघितली, तो कोपरा परत केला. पुढच्या वेळी सुपारी सरळ गेली तर तू बोललीस, सुपारी बदलली मी. कधीच जिंकू द्यायचं नाही ना समोरच्याला.

टाइल घ्यायला खोपटला घेऊन गेलेले तुला. त्या शोरूममध्ये बसायला एक खुर्ची नाही, तू दमलीस आणि सरळ डिस्प्लेच्या कमोडवर बसलीस, साडी सारखी करून, मांडीवर पर्स. सेल्समन बिचारा इतका घाबरला. तुला हळूच बोलला, आजी, ते कनेक्टेड नाहीये. तू त्याला बोललीस, मी पन नाय. मग बसल्या बसल्या त्याला एकेक टाइल पायापुढे ठेवायला लावलीस, वर बाटलीतलं पाणी ओतलंस आणि अनवाणी पाय घासून बघितलास. मला आवडलेली पांढरी चकचकीत टाइल नापास. खरखरीत राखाडी पास. मला ती अजिबात आवडली नव्हती, पण बरोबर तीच होती, आता सांगते. तेव्हा नाही सांगितलं.

आणि मोठं भांडण शिकेकाईवरून. ते मिटलंच नाही.

तुझे केस. तुझ्या वयाच्या बायकांच्या वेण्या उंदराच्या शेपटीएवढ्या झालेल्या आणि तुझे कंबरेपर्यंत, मेंदीने लाल, आणि त्याचं सगळं क्रेडिट तू शिकेकाईला द्यायचीस. घरीच कुटलेली, भरड, वर रिठा, पातेल्यात उकळायची, सगळ्या घराला तो वास. मी तुला सांगितलं की या ड्रेनची पन्हळ उथळ आहे, आत छोटी टोपली आहे केस अडकायला, तुझी भरड शिकेकाई त्यात जाऊन बसली की सिमेंट होईल. शॅम्पू लाव. तू बोललीस, जाली बदल. मी बोलले, एवढी महागाची जाळी शिकेकाईच्या एका डब्यासाठी बदलू? तू बोललीस, "मंग डोकी बदल माजी." मी शॅम्पूची बाटली आणून कोनाड्यात ठेवली. तू ती आईला देऊन टाकलीस. मी अजून एक आणली. तीही आईला. आईचे केस त्या महिन्यात जाहिरातीसारखे झालेले.

हळदीच्या आदल्या दिवशी टाइलचं काम संपलं. फक्त ग्राउट वाळायचं होतं, म्हणजे टाइलमधल्या फटींतला माल, आणि गिझर जोडायचा राहिलेला. मी दारावर आडवी टेप लावली, पिवळी-काळी, स्टुडिओतून आणलेली. तुला बजावलं, हळद होऊन जाऊ दे, आल्यावर पहिली आंघोळ तुझीच, नारळ पण फोडू हवं तर. तू विचारलंस, आणि हळदीला काय अशीच जाऊ? मी बोलले, आई अंग पुसून देईल ना. तू खिडकीतून बाहेर बघायला लागलीस. तुझं भिंतीकडे बघणं आणि खिडकीकडे बघणं वेगळं असतं हे मला माहीत पाहिजे होतं. भिंतीकडे म्हणजे हरलीस. खिडकीकडे म्हणजे काहीतरी शिजतंय.

हळदीच्या दिवशी आई सकाळीच कळव्याला गेलेली, माहेरचं कार्य. मी स्टुडिओतून परस्पर. पप्पा दुपारभर खाली सोसायटीच्या मीटिंगमध्ये, संध्याकाळी येऊन तुला रिक्षात घातलं आणि आणलं. म्हणजे पुसायला कोणी नव्हतंच घरी. आईला हे मांडवात आठवलं, तू आधीच धवलारणीच्या बाजूला बसून सूर धरलेलास तेव्हा. मग आई काय बोलणार. तुझा आवाज सगळ्यांच्या वरती जात होता.

आणि दुसऱ्या दिवशी, तुला कळव्याहून घरी आणल्यावर, खाली बिल्डिंगच्या मागे, चार साड्या आडव्या धरून भावकीतल्या बायकांनी तुला आंघोळ घातली. तू सांगितलेलंस तसंच. मेल्याव. आई पाणी घालत होती आणि सवयीने बोलली, मान खाली करा ताई. मग तिच्या हातातला तांब्या काकूने घेतला.

तेव्हापासून मी नीट बसलेले नाहीये. जेवताना उठते, गॅलरीत जाते, परत येते. मी तुझ्यासाठी बाथरूम बनवलं आणि त्याच बाथरूमपायी तू शेवटचे दिवस बिनआंघोळीची राहिलीस, आणि एकदा, फक्त एकदा तुझं तू पाणी घ्यायचं होतं, तेही झालं नाही. त्या टेपमागे कोणी गेलंच नाही. आम्ही सगळे पप्पांच्या खोलीतल्या बाथरूममध्ये जायचो, तो उंबरा ओलांडून. ती टेप मात्र तिरकी झालेली. मी सरळ लावलेली, मला पक्कं आठवतं, मी टेपसुद्धा लेव्हलमध्ये लावते. मला वाटलं पप्पांनी काढून बघितलं असेल.

काल प्लंबर गिझर जोडून गेला आणि मी पहिल्यांदा नळ सोडला. पाणी मागच्या भिंतीकडे गेलं, जाळीपाशी पोचलं आणि थांबलं. थांबलंच. मग मागे यायला लागलं, दाराकडे. मी नळ बंद केला आणि मिस्त्रीला फोन लावला, मी ओरडत असणार, कारण तो सारखा बोलत होता, मॅडम ऐका तर. ढाळ त्याने तपासलेला, माझ्यासमोर. पप्पा येऊन बघून गेले, बोलले, फोडावं लागेल, ताई सांगत होती, सोफा तरंगणार. आणि मला ते ऐकून एवढी तुझी आठवण आली की मी जाऊन तुझी कंबरेची पिशवी उघडली. सुपारी होती. दारातून टाकली.

सरळ गेली आत्या. एकदम सरळ, पाण्यातून, जाळीपर्यंत. ढाळ बरोबर होता.

म्हणजे आत काहीतरी होतं. झाकण उचलायचा हुक असतो, तो शोधून झाकण वर केलं, टोपली बाहेर काढली. तपकिरी, सुकून बसलेलं, भिजून परत फुगलेलं. आधी वाटलं मिस्त्रीचा माल. मग वास आला.

शिकेकाई. आणि त्यात गुंतलेले केस, लांबच लांब, लाल, मुळाशी पांढरे.

मी तिथेच ओल्यात बसले. मग सगळं दिसायला लागलं. भिंतीजवळच्या टाइलची फट एका जागी धुऊन निघालेली, अगदी स्टूल ठेवलं असेल तिथेच. ओल्या ग्राउटवर पाणी घेतलंस तू. कोपऱ्यात वॉकरच्या रबराचे काळे ठिपके, आत जाणारे. टेप काढलीस, आत गेलीस, न्हालीस, बाहेर आलीस आणि टेप परत लावलीस, तिरकी. एकटी. दार लावून. आणि मग रिक्षात बसून कळव्याला आलीस आणि माझी ओढणी खेचलीस.

मी हाक मारली, आई आली. मी टोपली पुढे केली. आईने आधी नाकाला पदर लावला, मग पदर काढला. वाकून बघितलं. मग बोलली, "बया. डोक्यावरून न्हाली ही."

आणि मग तिला ते पातेलं आठवलं. कळव्याहून आलो तेव्हा सिंकमध्ये पडलेलं, तपकिरी डाग पडलेलं छोटं पातेलं. त्या सगळ्या गर्दीत तिने कामवालीला विचारलेलं, चहा करपवला का, आणि घासून टाकलेलं. गिझर नव्हता म्हणजे अंगावर तू थंडच घेतलंस, तू, जिला आईचं कडकडीत पाणीही कोमट वाटायचं. पण शिकेकाई तरी गरम होती. आईने हे दोनदा बोलून दाखवलं. शिकेकाई तरी गरम होती. मग हसायला लागली, आणि हसता हसता तुला शिव्या, पडली असती म्हणजे, कोणाला पत्ता नसता म्हणजे, मला सांगायचं तरी, मी काय नाही म्हटलं असतं. मी बोलले, म्हटलं असतंस. ती बोलली, हो, म्हटलंच असतं.

मी टोपली साफ करायला घेतली तर तिने हातातून ओढून घेतली. बोलली, आण, तिचं मीच करते. बोटांनी एकेक केस सोडवला तिने, घाई नाही काही नाही, तशी ती तुझा गुंता काढायची तशीच, फक्त आता कोणी मान झटकत नव्हतं. केस कागदात बांधून ठेवलेत, खाडीत सोडणार म्हणाली. मग टोपली बसवली, झाकण लावलं आणि नळ सोडला. पाणी गेलं. सगळ्या रुंदीने एकदम, मावळल्यासारखं. खरंच रांगेत जातं गं, बघायला पाहिजे होतंस. नाही, बघितलंयस ना तू. माझ्या आधी तूच बघितलंस. हीच होती ना गंमत?

शिकेकाईने जाळी चोंदते हे मी बोललेले, ते बरोबर निघालं. आत्या, आपल्या दोघींत मी जिंकलेली ही एकच गोष्ट, आणि मला ती कोणाला ऐकवायचीच नाहीये. मिस्त्री बोलतोय ती धुतलेली फट परत भरून देतो. भरून घेईन, नाहीतर खालच्यांच्या छताला ओल जाईल आणि तू तिथूनही मला बोलशील.

आज सकाळी आई त्या बाथरूममध्ये गेली. तुझ्यानंतरची पहिली. दार लावलं, पाण्याचा आवाज आला, मी बाहेर उगाच फेऱ्या मारत होते. मग पाणी बंद झालं आणि आतून आईने विचारलं, "सोने, ताईच्या डब्यात शिकेकाई राहिलीये का गं?"

कोनाड्यात शॅम्पूची नवी बाटली आहे. तिच्या डोळ्यांसमोर आहे.

डब्यात तळाला थोडी होती. पातेल्यात घातली, गॅसवर ठेवलीये. उकळेपर्यंत हे तुला टाइप करतेय, एका हाताने, दुसऱ्या हातात चमचा. वास आला घरभर. पप्पा पेपर खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिलेत.

जाळी चोंदली तर चोंदू दे, आत्या. हुक मी दारामागेच टांगलाय.